आवाजासाठीही शंभर मिनिटे द्या

प्रति,
मा. श्री. ज्ञानेश कुमार,
मुख्य निवडणूक आयुक्त, भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली



देशातल्या निवडणुकांचे आपण प्रमुख आहातच. शिवाय डिसेंबर 2025 मध्ये स्टॉकहोमला आपण ‘इंटरनॅशनल आयडिया’च्या सदस्य देशांच्या परिषदेचे 2026 सालासाठीचे अध्यक्षपद स्वीकारले. लोकशाही आणि निवडणुकांसाठी 1995 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा भारत संस्थापक सदस्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला जगाने कसा लगाम घालायचा ही चर्चा एका टोकाला आणि घनसावंगीच्या मतदान केंद्रावरची रांग दुसऱ्या टोकाला. ही दोन्ही टोके ज्यांच्या हाती आहेत असे आज आपणच आहात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

मी जालना जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. गुरुजी म्हटले की निवडणुकीची ड्यूटी आलीच. आधी मतदान अधिकारी, पुढे केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्यवाटप, यंत्रांच्या पेट्या सांभाळत एसटीने गावात, रात्री शाळेच्याच वर्गात मुक्काम आणि पहाटे मॉक पोल. या मॉक पोलपाशी मला जरा थांबायचे आहे, कारण माझे पुढचे सगळे म्हणणे त्यातूनच निघते.

मतदान सातला सुरू होते, मॉक पोल त्याच्या दीड तास आधी. वर्गात उजेड बेताचा, फळ्यावर शाळेचा सुविचार तसाच, आणि मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले वेगवेगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी. रात्री गावात एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे पहाटे शेजारी शेजारी बसतात. किमान पन्नास मते टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. एजंटांनी स्वतः बटण दाबायचे, व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी पाहायची. मग क्लोज, मग रिझल्ट. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा सगळ्यांसमोर जुळवून दाखवायचा. मग क्लिअर. आकडा शून्यावर आला हे प्रत्येकाला वाकून पाहू द्यायचे. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर मागून शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या. हिरव्या कागदी सीलवर माझी सही, शेजारी एजंटांच्या सह्या. संध्याकाळी मतांचा हिशेब नमुना 17 सी मध्ये लिहायचा आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात द्यायची.

साहेब, गावाचा विश्वास बसतो तो या सह्यांमुळे. विरोधी उमेदवाराच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि सही केली, एवढे गावाला पुरते. शाईच्या बाटलीपासून लाखेच्या सीलपर्यंत मतदानाच्या प्रत्येक वस्तूला अशी साक्ष आहे. मतदानाच्या आदल्या रात्री मतदाराच्या कानात पडणाऱ्या आवाजाला मात्र कोणाचीही साक्ष नाही.

19 नोव्हेंबर 2024 ची संध्याकाळ आठवा. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांसाठी मतदान होते आणि जाहीर प्रचार संपलेला होता. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्यावर बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप केला. त्याच रात्री दोघांचे म्हणून सांगितलेले आवाज भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत हँडलवरून पसरले. सुळे यांनी तो आवाज आपला नाही असे सांगून आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली, पटोले यांनीही इन्कार केला. मतदानाच्या दिवशी सुळे यांचे चुलत भाऊ, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले की आवाज ओळखीचे आहेत. ‘बूम’ या तथ्य-पडताळणी करणाऱ्या संस्थेने क्लिपा साधनांवर तपासल्या आणि त्यांतल्या बहुतेक कृत्रिम असण्याची शक्यता सांगितली. तोवर लोक रांगेत उभे होते.

यात कोणता पक्ष होता याच्याशी मला कर्तव्य नाही. उद्या पक्ष उलट असतील. मला खुपते ते वेगळेच. घरातला माणूस सांगतो आवाज तिचाच, ती स्वतः सांगते माझा नाही, पत्रकार सांगतात बहुधा बनावट. अशा वेळी मतदाराने ज्या संस्थेकडे पाहावे तिचे उत्तर मतदान संपेपर्यंत त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. क्लिप काढायला लावणे निराळे आणि मतदाराच्या प्रश्नाला उत्तर देणे निराळे. आयोगाने आजवर पहिल्याचीच व्यवस्था केली आहे.

हे दुखणे एकट्या महाराष्ट्राचे नाही. स्लोव्हाकियात 30 सप्टेंबर 2023 ला मतदान होते. दोन दिवस आधी ‘प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया’चे नेते मिखाल शिमेच्का एका पत्रकार महिलेशी मते विकत घेण्याबद्दल बोलत असल्याची क्लिप बाहेर आली. दोघांनीही ती खोटी असल्याचे सांगितले, तपासणाऱ्यांनाही तिच्यात छेडछाडीच्या खुणा दिसल्या. पण तिकडेही आपल्यासारखीच मतदानापूर्वीच्या 48 तासांची शांतता असते. नियम पाळणारी माध्यमे आणि नियम पाळणारे उमेदवार त्या काळात गप्प राहिले, क्लिप बोलत राहिली. खोट्याला मोकळे रान आणि खुलाशाला कुलूप, असा त्या शांततेचा अर्थ झाला.

आता आमच्या जिल्ह्याचे पाहा. जालना जिल्ह्यात आठ तालुके आणि विधानसभेचे पाच मतदारसंघ. त्यांतले जालना, बदनापूर आणि भोकरदन हे तीन जालना लोकसभेत, परतूर आणि घनसावंगी हे दोन परभणी लोकसभेत. 2024 च्या लोकसभेला परभणीचे मतदान दुसऱ्या टप्प्यात 26 एप्रिलला झाले, जालन्याचे चौथ्या टप्प्यात 13 मे रोजी. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन मतदान आणि दोन शांतताकाळ. अंबड तालुक्याचे तर दोन तुकडे: अंबड शहर आणि काही भाग बदनापुरात, गोदाकाठचा भाग घनसावंगीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 126 मतदान क्षेत्रापुरते बोलते. आठवडी बाजार, सोयरेधायरे आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप मतदान क्षेत्र पाहून बनत नाहीत. 24 एप्रिलच्या संध्याकाळी वडीगोद्रीकडे प्रचार बंद होता आणि अंबडच्या स्टँडवर सुरू होता. दोन्हीकडचा माणूस एकाच ग्रुपमध्ये असतो. अंबडच्या सभेसाठी म्हणून सोडलेला आवाज घनसावंगीच्या मतदाराच्या फोनवर मतदानाच्या पहाटे वाजला, तर कोणता नियम कोणी मोडला? कायद्याकडे याचे उत्तर नाही.

नियम झालेले नाहीत असे मी म्हणणार नाही. 6 मे 2024 ला आयोगाने पक्षांना सांगितले की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. जानेवारी 2025 मध्ये सांगितले की एआयने केलेल्या प्रचारावर तशी नोंद ठळक असू द्या. बिहारच्या निवडणुकीआधी ऑक्टोबर 2025 मध्ये माप ठरवून दिले: चित्रात दिसणाऱ्या भागाच्या किमान 10 टक्के जागेवर खूण हवी, आवाज असेल तर सुरुवातीच्या 10 टक्के वेळात तशी सूचना हवी. फेब्रुवारी 2026 मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल केले, कृत्रिम मजकुरावर खूण बंधनकारक केली आणि आदेशानंतर मजकूर हटवण्याची मुदत 36 तासांवरून 3 तासांवर आणली. बाहेर युरोपीय संघाचा एआय कायदा ऑगस्ट 2024 पासून अमलात आहे, आणि मतदारावर किंवा निकालावर प्रभाव टाकण्यासाठी बनवलेल्या प्रणाली त्यात जास्त जोखमीच्या धरल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये म्युनिकला 20 तंत्रज्ञान कंपन्यांनी निवडणुकांतल्या फसव्या एआयविरुद्ध करार केला. तो ऐच्छिक.

या सगळ्याचा भर खुणेवर आहे. खूण लावणार कोण? प्रामाणिक माणूस. 16 एप्रिल 2025 ला नाशिकच्या शिबिरात शिवसेनेच्या ठाकरे गटाने बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात एआयने तयार केलेले भाषण ऐकवले. बाळासाहेब नोव्हेंबर 2012 मध्ये गेले. गेलेल्या नेत्याच्या तोंडी आजचे शब्द घालावेत का, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते भाषण बनवलेले आहे हे ठाऊक होते. अशा उघड वापराला खूण पुरते. ज्याला फसवायचेच आहे तो खूण लावत नाही. आणि लावलेली खूण तरी किती टिकते? फाइलमध्ये दडवलेली डिजिटल खूण कितीही पक्की असली, तरी एका फोनच्या स्पीकरपुढे दुसरा फोन धरून आवाज पुन्हा रेकॉर्ड केला की ती गेली. आमच्याकडे क्लिपा अशाच फिरतात. मागे मोटारसायकलचा आवाज, मध्येच कोणाचा तरी खोकला. त्या खोकल्यामुळे क्लिप जास्तच खरी वाटते.

बनवणे किती सोपे झाले आहे हे आपल्याला मी सांगायला नको. मार्च 2024 मध्ये ओपनएआयने 15 सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाचा आवाज उभा करणारे साधन दाखवले आणि गैरवापराची भीती असल्याचे सांगून ते सर्वांना खुले केले नाही. तशी साधने इतरांनी मात्र खुली केली. पंधरा सेकंद म्हणजे सरपंचाने ग्रामसभेत केलेले स्वागतसुद्धा नव्हे. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अंतरिम संरक्षण दिले. न्याय्यच होते. पण मंठ्याच्या पंचायत समितीला उभी राहिलेली बाई मतदानाच्या आदल्या रात्री कोणत्या न्यायालयात जाईल?

आपल्याच आयोगाकडे एक चांगली व्यवस्था आहे, तिची आठवण करून द्यावीशी वाटते. सी-व्हिजिल ॲप. कोणी दारू वाटताना, पैसे वाटताना दिसला की मतदार फोटो काढून पाठवतो. 5 मिनिटांत तक्रार भरारी पथकाकडे, 15 मिनिटांत पथक जागेवर, 30 मिनिटांत पडताळणी, 50 मिनिटांत निर्णय. एकूण 100 मिनिटे. 2018 पासून हे चालू आहे आणि सरकारी यंत्रणेत इतके बांधलेले वेळापत्रक मी दुसरे पाहिलेले नाही. पण त्या ॲपमधून तिथल्या तिथे टिपलेलेच पाठवता येते, फोनच्या गॅलरीतली फाइल त्यात जात नाही. खोट्या तक्रारी येऊ नयेत म्हणून हे केले, आणि दारूच्या खोक्यासाठी ते बरोबरच आहे. मात्र व्हॉट्सॲपवर आलेला आवाज गॅलरीतच असतो. म्हणजे आज घनसावंगीचा मतदार दारूच्या खोक्याची तक्रार 100 मिनिटांत निकाली काढून घेऊ शकतो, पण मत फिरवण्यासाठी बनवलेला आवाज मुठीत धरूनही तो दाखवायला त्याला खिडकी नाही.

माझे मागणे एवढेच आहे. आवाजालाही 100 मिनिटे द्या. प्रत्येक जिल्ह्यात, निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदान संपेपर्यंत दिवसरात्र चालणारा एक कक्ष असावा. मतदाराने किंवा उमेदवाराने आलेली क्लिप तिथे पाठवावी आणि 100 मिनिटांत त्याला मराठीत उत्तर मिळावे: आवाज बनवलेला दिसतो, खरा दिसतो, की सांगता येत नाही. तिसरे उत्तरही उत्तरच आहे, कारण ते ऐकल्यावर माणूस पुढे पाठवताना थांबतो. जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती आहेच. जाहिरातींना आधी मंजुरी द्यायचे काम ती करते. तिला तज्ज्ञ जोडा, वेळेचे बंधन घाला आणि तिचे तोंड मतदाराकडे फिरवा.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त असेल: खरे काय, खोटे काय हे आयोगाने ठरवायचे का? नाही. कक्षाने आवाजाबद्दलच बोलावे, बोलण्यातल्या आरोपाबद्दल चकार शब्द काढू नये. आणि तिथे मॉक पोलची पद्धत आणावी. सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी कक्षात बसलेले असावेत, क्लिप सगळ्यांसमोर ऐकली जावी, कोणत्या साधनाने काय दाखवले हे सगळ्यांना दिसावे, निष्कर्षाच्या कागदावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. कोणाची असहमती असेल तर तीही तिथेच लिहावी. त्या कागदाची प्रत 17 सी सारखी प्रत्येकाच्या हाती पडावी. महाराष्ट्राच्या 2024 च्या मतदारयाद्यांवरून आयोगावर झालेले आरोप आपल्याला माहीत आहेत, आणि त्याच डिसेंबरात सीसीटीव्ही चित्रण सर्वांना मिळू नये असा निवडणूक संचालन नियमांच्या नियम 93 मध्ये झालेला बदलही लोकांच्या लक्षात आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण अशा काळात आयोगाने एकट्याने दिलेला निर्वाळा अर्धा गाव मानणार नाही. विरोधकाची सही असलेला कागद मात्र मानेल, कारण तो चाळीस वर्षे असेच कागद मानत आला आहे.

या कक्षाची दुसरीही गरज आहे. खोटा आवाज खरा ठरण्याचा धोका सगळे सांगतात, पण खरा आवाज खोटा ठरवण्याची सोय तितकीच मोठी आहे. नेता नको ते बोलून जातो, रेकॉर्डिंग बाहेर येते, आणि तो म्हणतो, ‘हे एआय आहे.’ तपासणारे कोणी नसले की हे वाक्य प्रत्येकाचे चिलखत होते. कक्षाने ‘हा आवाज खरा दिसतो’ असे सांगण्याची ताकदही बाळगली पाहिजे. ते जास्त धैर्याचे काम आहे.

आता भाषेचे. मार्च 2024 मध्ये तथ्य-पडताळणी संस्थांच्या आघाडीने डीपफेक तपासणारे पथक स्थापून व्हॉट्सॲपवर मदतवाहिनी सुरू केली. सुरुवातीच्या भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, तमीळ आणि तेलुगू. मराठी नव्हती. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली भाषा. 2024 च्याच ऑक्टोबरात तिला अभिजात दर्जा मिळाला आणि नोव्हेंबरात तिच्याच राज्यात संशयास्पद आवाजांनी निवडणूक गाठली. आवाज तपासणारी साधने मुख्यतः इंग्रजीवर घडलेली आहेत, आणि व्हॉट्सॲपवर दाबून लहान झालेल्या आवाजात तपासायला लागणारे बारकावे आधीच पुसलेले असतात. त्यात आमची बोली. भोकरदन-जाफराबादकडचा माणूस बुलढाण्याच्या वळणाने बोलतो, गोदाकाठचा वेगळ्या. तांड्यावर गोरबोली, जालना शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी. इथला एसटीचा कंडक्टर माणूस कोणत्या बाजूचा आहे ते दोन वाक्यांत सांगेल, साधनाला ते कळणार नाही. म्हणून कक्षात बसणारा तज्ज्ञ मुंबईहून व्हिडिओवर बोलणारा नसावा. बोली जाणणारी माणसे जिल्ह्यातच आहेत: शिक्षक, कीर्तनकार, आकाशवाणीवर काम केलेले लोक. साधन आणि असा कान, दोन्ही लागतील.

आमच्या जिल्ह्याला या गोष्टीची घाई का आहे, तेही सांगतो. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत ऑगस्ट 2023 मध्ये मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. जून 2024 मध्ये जवळच वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. दोन्ही मागण्यांमागे खरी माणसे आणि खरी दुःखे आहेत. एकाच रस्त्यावर, एकाच पाणवठ्यावर दोन्ही समाज राहतात, आणि आजवर तुटले नाहीत याचे श्रेय गावातल्या जाणत्या माणसांना आहे. अशा ठिकाणी कोणा एका नेत्याच्या आवाजात दुसऱ्या समाजाबद्दलचे एक वाक्य रात्री सोडले, तर सकाळी काय होईल याचा विचार मी अनेकदा करतो.

तेव्हा प्रशासनाच्या हातात असते काय? 26 फेब्रुवारी 2024 ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड या तिन्ही जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवले गेले. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे दुसरे हत्यार नव्हते. पण नेट बंद केले की अफवा थांबत नाही. फोनमध्ये उतरलेली क्लिप ब्लूटूथने जाते, तोंडाने जाते. थांबतो तो खुलासा. बँकेचे काम अडते, दवाखान्याचा निरोप अडतो, मोसंबीचा भाव कळत नाही. 100 मिनिटांत विश्वासाचे उत्तर देणारा कक्ष असता, तर कदाचित कुलूप लावायची वेळ कमी वेळा आली असती.

आता आपल्या दुसऱ्या पदाकडे येतो. जगाचे नियम युरोप-अमेरिकेत ठरतात आणि आपण ते राबवायचे, असे आम्हाला वाटत आले आहे. पण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याचे राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018 ला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठार केले. एआय नव्हते, फोनवरून फिरणारी अफवा पुरेशी ठरली. राईनपाड्यासह देशभरातल्या अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, आणि जानेवारी 2019 मध्ये तीच मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. त्यासाठी ना ठराव झाला ना करार. आपल्या खेड्यांतल्या मरणांनी जगभरच्या फोनची रचना बदलली. त्या पाच जणांची किंमत देऊन मिळालेला हा धडा आहे, आणि पुढचा नियम असा कोणी मेल्यावर येऊ नये.

ब्लेचली, सोल, पॅरिस अशी एआय परिषदांची मालिका फेब्रुवारी 2026 मध्ये दिल्लीत आली. संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट 2025 मध्ये 40 जणांचे वैज्ञानिक मंडळ आणि एआयच्या नियमनावर जागतिक संवाद अशा दोन गोष्टी उभ्या केल्या. या संवादाची बैठक जुलै 2026 साठी जिनिव्हात ठरली आहे. तिथे शक्तिशाली प्रणालींच्या धोक्यांवर बोलणे होईल, व्हायलाच हवे. आपण इंटरनॅशनल आयडियाचे अध्यक्ष म्हणून तिथे निवडणुकांचा मुद्दा न्यावा, आणि तो कंपन्यांच्या कर्तव्याच्या भाषेत न्यावा: जी कंपनी एखाद्या भाषेत आवाज बनवायचे साधन विकते, तिने त्याच भाषेत तो आवाज ओळखायचे साधन निवडणूक यंत्रणेला फुकट दिले पाहिजे. मराठीत बोलणारे यंत्र बाजारात आणायचे आणि मराठीत ते पकडायचे कसे हे मात्र सांगायचे नाही, हा व्यवहार कोणत्याही देशाने मान्य करू नये. ही अडचण नेपाळीची आहे, स्वाहिलीची आहे, स्लोव्हाकची तर होतीच. एकटा देश हे कंपन्यांकडून वदवून घेऊ शकणार नाही, पण आयडियाचे सदस्य देश एका आवाजात बोलले तर घेऊ शकतील. उत्तर वेळेवर मिळाले नाही तर काय होते हे रुमानियाने दाखवले आहे: समाजमाध्यमांवरच्या छुप्या प्रचाराच्या आरोपांवरून तिथल्या घटना न्यायालयाने 6 डिसेंबर 2024 ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. एवढ्या मोठ्या देशात आपल्याला तो उपाय परवडणार नाही.

कायद्यात बदल होईपर्यंत थांबावे लागेल असेही नाही. कायदा जिथे गप्प आहे तिथे स्वच्छ निवडणुकीसाठी आयोग संविधानाच्या कलम 324 खाली पावले उचलू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल खटल्यात 1977 मध्येच सांगितले आहे. सी-व्हिजिल तरी कोणत्या नव्या कायद्याने आले?

एक गाठ मात्र आपल्याला इतरांना सोबत घेऊन सोडवावी लागेल. आपल्या सूचना लोकसभा-विधानसभेला लागतात. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या. जालना महापालिकेची पहिलीच निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली. उमेदवार जितका जवळचा, तितका त्याचा आवाज ओळखीचा आणि त्याची नक्कल घातक, कारण ऐकणारा म्हणतो, ‘ह्याला मी लहानपणापासून ऐकतोय, मला कोण फसवणार?’ लोकसभेच्या उमेदवारामागे वकील असतात, पक्षाचा कक्ष असतो. प्रभागातल्या अपक्षामागे कोणी नसते. म्हणून हा कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयात कायमचा असावा आणि दोन्ही आयोगांनी तो वापरावा, असा लेखी समझोता आपण राज्य निवडणूक आयुक्तांशी करावा.

प्रयोग म्हणून एखादा जिल्हा निवडायचा झाला तर जालना निवडा. लोकसभेच्या दोन मतदारसंघांत वाटलेला, बोलींनी भरलेला, दोन आंदोलनांनी ढवळलेला आणि नेटबंदी सोसलेला हा जिल्हा आहे. इथे जे चालेल ते सोप्या जिल्ह्यांत चालायला अडचण येणार नाही. कक्षात पहिल्या रात्री बसायला मॉक पोलची सवय असलेले निवृत्त गुरुजी इथे पुष्कळ मिळतील. मानधनाचा प्रश्न नंतर पाहता येईल. आधी नोंदवही आणि सहीचा नमुना ठरवून पाठवा.

आपला,
एक निवृत्त केंद्राध्यक्ष
अंबड तालुका, जि. जालना